मुका मार

“नात का तुमची?” शेजारच्या तंबूतल्या माणसाने विचारलं.

“मुलगी आहे माझी. परत नात म्हणालात तर दात हातात देईन.”

“द्या की,” तो म्हणाला. “मी दंतवैद्यच आहे. बसवून घेईन.”

शनिवारची सकाळ अशी सुरू झाली. माणूस वाईट नव्हता. पण त्या दिवशी मला चांगला माणूसही चांगला दिसत नव्हता. बसले की उठावंसं वाटे, उठले की जायला जागा नाही. चहूकडे इंजिनांचा कलकलाट, रबराचा वास, आणि जिकडे बघावं तिकडे कुणाचा तरी बाप आपल्या पोराच्या कानाशी लागलेला.

भिंगरी माझं शेंडेफळ. थोरल्याला मिशा फुटून त्याच्या लग्नाच्या गोष्टी सुरू झाल्या, तेव्हा ही पोटात आली. लोक हसले. हसतील त्यांचे दात दिसतील, मी म्हटलं. पाळण्यात उत्तरेला डोकं करून ठेवावी तर सकाळी दक्षिणेला सापडायची, म्हणून भिंगरी. ते नाव तिला चिकटलं आणि तिने खरं करून दाखवलं. आता ती कार्ट पळवते.

कार्ट म्हणजे काय, तर चार चाकं, एक इंजिन आणि मध्ये एक सीट. दार नाही, छप्पर नाही, स्प्रिंगसुद्धा नाही. इतकी खाली, की बसणाऱ्याचं ढुंगण रस्त्याला घासतं की काय वाटावं. ही अवदसा घरात आणली थोरल्याने. दुकानामागच्या शेडमध्ये मोडकी कार्ट दुरुस्त करत बसायचा आणि बहीण त्याला पाने-पकडी देत बसायची. एक दिवस ती पाने द्यायचं सोडून आत जाऊन बसली. तेव्हापासून उठली नाही.

तिचं वय आता या लहान गटातून बाहेर पडत होतं. गटातला हा तिचा शेवटचा शनिवार-रविवार. आणि या गटाची अंतिम शर्यत तिने आजवर कधी पळवलेलीच नव्हती. दर वेळी कुठे ना कुठे अडकायचं, आणि रविवारी दुपारी पोरगी जाळीला नाक लावून दुसऱ्यांची शर्यत बघायची. या वेळी तिने मला सांगितलं नव्हतं, पण भावाला सांगितलं होतं, “दादा, एकदा तरी आतून बघायची आहे.” ते माझ्या कानावर आलं होतं. माझ्या घरात माझ्या कानावर न येता काही होत नाही, अशी माझी समजूत होती.

हिशोब सोपा. शनिवारी एक शर्यत, रविवारी सकाळी दुसरी. दोन्हींचे गुण एकत्र करायचे, वरची अर्धी पोरं दुपारी अंतिम शर्यतीत, खालची अर्धी घरी.

आमचं दुकान सीटा शिवायचं. मोटारींच्या सीटा, सोफे, दवाखान्यातली बाकं, काय म्हणाल ते. आमचे हे कापतात, मी शिवते, थोरला सांगाडे जोडतो. आमच्या धंद्यात देवासारखा एकच शब्द, मऊ. गिऱ्हाईक येतं, तळव्याने दाबून बघतं आणि म्हणतं, “मऊ झालंय हो!” बस, पोट भरलं. एकदा एका बसड्रायव्हरने नुकतीच शिवलेली सीट परत आणली होती. म्हणे, “मावशी, फार मऊ केलीत. बस काय करतेय ते ढुंगणाला कळतच नाही.” मी म्हटलं, “मग ढुंगणाला चष्मा लावा.” दुकानभर हसू. लोकांना सुख पचत नाही, असं म्हणून मी ती उसवून दिली होती.

तर या शर्यतीच्याच आठवड्यात मी भिंगरीची वेणी घालत होते. माझं कोपर तिच्या कुशीला लागलं, तर पोरगी अशी आखडली, जशी इस्त्री टेकली. सदरा वर केला. डाव्या बरगडीवर तळहाताएवढा जांभळा डाग.

“हे काय?”

“काही नाही.”

“काही नाही एवढं मोठं असतं?”

सरावात दर वळणाला ती सीटच्या कडेवर आपटत होती. किती दिवस, ते सांगेना. दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी दाबून बघितलं, फोटो काढला. “हाड शाबूत आहे,” म्हणाल्या. “मुका मार आहे. जाकीट नीट घालून गाडी चालवायला हरकत नाही. दुखेल मात्र.”

मुका मार. जो लागतो पण वरून बोलत नाही, तो. आमच्या घरात मुकं कुणी नाही. मी बोलते आणि बाकीचे हो म्हणतात.

पण आता तुम्हीच सांगा, सीटा शिवणाऱ्या बाईच्या मुलीला सीटने दुखावं? आचाऱ्याच्या घरात पोरं उपाशी!

थोरल्याने मला आधीच बजावलं होतं. “आई, सीटला वरून कव्हर शिवलंस तेवढं बास. आत काही घालायचं नाही. कार्टला स्प्रिंग नसते. सीट कडक आणि अंगाला घट्ट असली, की गाडी काय करते ते तिच्या अंगाला कळतं.” मी “बरं” म्हटलं होतं. मी वाद न घालता बरं म्हणते तेव्हा माझ्या मनात दुसरंच असतं, हे एवढा घोडा झाला तरी त्याला कळू नये?

शुक्रवारी तो टायर आणायला गेला तेवढ्यात मी काम उरकलं. कव्हर सोडवलं, दोन्ही कुशींना आणि पाठीला चांगल्यापैकी फोम कापून चिकटवला, कडा तासून तासून अशा विरवल्या की बोटाला पायरी लागू नये. वरून तेच काळं कव्हर. कुणाच्या बापाला कळलं नसतं. भिंगरी शाळेतून आली तशी तिला धरून आत बसवली.

“बघ कसं मऊ झालंय!”

तिने अंग थोडं हलवलं. माझ्याकडे बघितलं. “हो,” म्हणाली. “मऊ झालंय.”

“दादाला सांगू नकोस. उगाच शास्त्र शिकवत बसेल.”

“नाही सांगणार.”

शनिवारच्या सरावात ती मागे पडायला लागली. आधी मला वाटलं, पोरगी दमाने घेतेय. मग वाटलं, इंजिन. जाळीशी उभी राहून मी आकडे बघत होते आणि दंतवैद्य माझ्या शेजारी आपल्या पोराला लांबूनच हातवारे करून वळायला शिकवत होता.

“तुमची मुलगी छान चालवते,” तो म्हणाला.

“मागून छान चालवते. बोला की पुढे.”

“मी कुठे काय बोललो?”

“तोंडावर दिसतंय.”

ती आत आली. हेल्मेट काढलं, केस कपाळाला चिकटलेले. थोरला वाकला. “काय वाटतंय?”

“मऊ वाटतंय,” भिंगरी म्हणाली.

माझ्या काळजात गुदगुल्या झाल्या हो! मी मनात म्हटलं, बरगडीला आराम आहे. थोरल्याने मात्र कपाळाला आठी घातली. त्यांच्या भाषेत गाडी मऊ म्हणजे सांगाडा वळणावर जास्त वाकतो, टायर बसतात, असलं काहीतरी. तो टायरांत हवा भरायला लागला.

दुपारी शर्यत झाली. लाल दिवे विझले आणि सगळी पोरं माशांच्या थव्यासारखी पहिल्या वळणात घुसली. भिंगरी घुसली मधल्या रांगेतून आणि बाहेर आली तेव्हा तिच्यामागे मोजून चार गाड्या. मी जाळी धरून ठेवली होती, बोटांवर तारेचे चौकोन उठले. पुढे आणखी दोघं तिच्या आतून गाडी घालून निघून गेले. ती वळणात उशिरा शिरायची, नाहीतर जास्त शिरायची. शेवटून तिसरी आली.

मग मी सुटले. थोरल्याला म्हटलं, इंजिन झोपलंय तुझं. टायर विकणाऱ्याला म्हटलं, हे टायर आहेत की शिळ्या भाकऱ्या. फाटकावरच्या बाईला म्हटलं, पुढच्या पोराने धक्का मारला तेव्हा तुमचा झेंडावाला काय माशा मारत होता? ती बिचारी म्हणाली, “मावशी, मी फक्त गाड्या आत सोडते.”

“मग सोडल्या तशा परत बोलवा!”

भिंगरी डबा उघडून बसली होती. घास चिवडत. थोरला तिच्या पुढ्यात उकिडवा बसला. “नीट सांग. पुढून मऊ, की मागून?”

“वळणावर गाडी मला उशिरा कळते,” ती म्हणाली. “मी आधी जाते, गाडी मागून येते.”

“म्हणजे मागून. ऍक्सल बदलतो, मागच्या चाकांमधला दांडा. सगळ्यांत कडक घालतो.”

“हं,” ती म्हणाली, आणि भाकरीचा तुकडा माझ्यासमोर धरला. “आई, तू जेवलीस का?”

संध्याकाळी आमच्या ह्यांचा फोन आला. ते दुकान सोडून येत नाहीत, आणि आले तर मला आवरतात, म्हणून मीही बोलावत नाही.

“काय म्हणते पोरगी?”

“गाडी मऊ लागतेय म्हणे.”

“मऊ?” ते हसले. “मग आपल्याच दुकानातली असणार!”

मी फोन ठेवून दिला. बटण दाबताना अंगठा उगाचच जोरात पडला. मनात काहीतरी कुरतडलं, उंदरासारखं. मी त्याला हाकललं. थोरला तिकडे इंजिन उघडून बसला होता, हात कोपरापर्यंत काळे. मी त्याला चहा दिला आणि तो निवेपर्यंत त्याच्या डोक्याशी उभी राहून सांगत राहिले, की आपलं इंजिन दुसऱ्यांसारखं वाजत नाही.

“आई,” तो म्हणाला, “तू थोडं फिरून ये ना.”

“फिरून फिरून पाय तुटले.”

“मग बस.”

“बसवत असतं तर फिरले असते का?”

रात्री लॉजच्या खोलीत भिंगरी भिंतीकडे तोंड करून उजव्या कुशीवर निजली. डाव्या कुशीवर वळली की आखडायची आणि परत उजवीकडे. झोपेत सुद्धा तिने ते आवाज न करता करायचं ठरवलं होतं की काय कोण जाणे.

रविवारी सकाळी शर्यतीआधी गाड्या गरम करायला थोडा वेळ सोडतात. थोरल्याने कडक ऍक्सल घातला होता, टायर दगडासारखे फुगवले होते. भिंगरीने हेल्मेटच्या आतून “येते” म्हटलं. जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं, हे मी तिला बोबडी होती तेव्हापासून शिकवलंय. आणि दुसऱ्याच फेरीत गाडीचं मागचं टोक सुटलं.

मी बघत होते. गाडी वळणात उड्या मारत शिरली, टणटण, तव्यावरच्या पाण्याच्या थेंबासारखी, आणि गर्रकन फिरली. गवतात जाऊन थांबली, तोंड उलटीकडे. माझ्या तोंडून आवाज निघाला तो माझा मलाच ओळखू आला नाही. दंतवैद्याने माझा दंड धरला. “उठली, मावशी. उठली बघा. हात दाखवतेय.”

तिने हात वर केला होता. उजवा. डावा कुशीशी होता.

ट्रॉलीवरून गाडी आत आली. पोरीला खरचटलंसुद्धा नव्हतं, पण ओठ पांढरे. थोरल्याचा धीर सुटला. तो कधी आवाज चढवत नाही, आईवर गेला नाही म्हणतात सगळे, पण आता चढवला.

“तू मऊ म्हणतेस म्हणून मी सगळं कडक केलं! आता बर्फावर चालल्यासारखी पळतेय गाडी! काय मऊ आहे ते नेमकं सांग! टायर? स्टिअरिंग? काय?”

भिंगरीने माझ्याकडे बघितलं.

जगातली पोरं खोटं बोलताना नजर चुकवतात. ही माझी कार्टी, खोटं बोलायचं असलं की सरळ माझ्या डोळ्यांत बघते. लहानपणापासून. जणू मला सांभाळून घेतेय.

“माहीत नाही, दादा,” ती म्हणाली. “मलाच जमत नाहीये.”

आणि मला तो बसड्रायव्हर दिसला. दुकानाच्या दारात सीट डोक्यावर घेऊन उभा. ढुंगणाला कळतच नाही, मावशी. सगळं दुकान हसत होतं, आणि सगळ्यांत मोठ्याने मी.

पोरीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आत बसल्या क्षणी अंग हलवलं होतं तेव्हाच. दर वेळी ती मऊ, मऊ म्हणत होती, माझ्यासमोर उभी राहून, माझ्याच धंद्यातला शब्द. ‘सीट’ एवढंच म्हणत नव्हती. कारण मी म्हटलं होतं, दादाला सांगू नकोस. आणि त्याहून पुढचं मी म्हटलं नव्हतं, तरी तिने ऐकलं होतं, की आईने केलंय ते चुकलं असं या घरात कुणी म्हणत नाही.

“सुरी दे,” मी थोरल्याला म्हटलं.

“कशाला?”

“दे म्हटलं ना.”

मी कव्हर कापलं. शिवण उसवायला वेळ नव्हता, सरळ कापलं. आतून पिवळा फोम बाहेर आला तशी आजूबाजूची दोन-तीन डोकी वळली. थोरला बघत राहिला.

“हे काय आहे?”

“फोम.”

“दिसतंय. कुणी घातला?”

“उंदराने. मी घातला, दुसरं कोण घालणार?”

“कधी?”

“शुक्रवारी.”

तो ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं, मीही ओरडले असते. त्याने नुसते आपले काळे हात बघितले, मग उघडून परत जोडलेलं इंजिन बघितलं, मग ऍक्सल.

“काल संध्याकाळभर...” तो म्हणाला.

“मग? हात झिजले?” तोंडातून निघून गेलं. जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या जिभेला ब्रेक पण नाही. मग खाली बघून मी म्हटलं, “आता बोलत बसू नको. ओढ इकडून.”

आता गंमत ऐका. माझं चिकटवलेलं सुटत नाही, ही आमच्या दुकानाची ख्याती. गाडी मोडते, सीट राहते, असं आमचे हे गिऱ्हाइकांना सांगतात. फोम वरून निघाला, पण सोल्यूशनचा थर फायबरला घट्ट धरून राहिला, कुठे गुठळ्या, कुठे फोमाची टरफलं. त्यावर बसली असती तर डागावर डाग उठला असता. नखाने खरवडलं, सुरीने खरवडलं. लाउडस्पीकरवर लहान गटाला बोलावणं सुरू झालं.

“मावशी, सरका.” दंतवैद्य. हातात दात साफ करायची बारीक वाकडी हत्यारं, त्यांनीच तो इंजिनातली नळकांडीही साफ करायचा. एक मला दिलं, एक स्वतः घेतलं आणि गुडघ्यावर बसला. “कीटण कसं काढायचं ते मला शिकवू नका फक्त.”

“मी कुठे काय बोलले?”

“तोंडावर दिसतंय.”

आम्ही दोघं खरवडत होतो, त्याचा पोरगा हेल्मेट घालून “पप्पा, चला ना” करत होता, आणि थोरला टायरांतली हवा सोडत होता. ऍक्सल बदलायला वेळ उरला नव्हता. तो तसाच कडक राहिला. माझ्या फोमाची अर्धी चूक निघाली, अर्धी गाडीतच राहिली.

सीट उघडी झाली. काळी, थंड, दगडासारखी. मी तळवा ठेवून बघितलं. आयुष्यात एवढी कडक सीट मी कुणाला दिली नव्हती.

भिंगरी बरगड्यांचं जाकीट घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. दोन्ही हात वर केले. पट्टे मी बांधायचे, हा आमचा नेम. मी नेहमीसारखा पट्टा ओढला आणि डागाच्या बाजूला आले तशी हात ढिला केला.

“आवळ,” ती म्हणाली.

मी थोडा ओढला.

“अजून आवळ, आई. सैल असलं की जास्त लागतं.”

हे तिने मला आधी कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. मी गुडघा टेकला, पट्टा मुठीला गुंडाळला आणि ओढला. तिने श्वास आत घेतला, डोळे मिटले. मी थांबले.

“अजून?”

“अजून एकदा.”

स्वतःच्या पोरीच्या दुखऱ्या बरगडीवर स्वतःच्या हाताने पट्टा आवळायचा. बाळंतपणं सोपी होती.

“येते,” ती म्हणाली.

शर्यतीत मी जाळीशी उभी राहू शकले नाही. दोन फेऱ्या बघितल्या, मग तंबूत आले, मग परत गेले, मग टायरांच्या ढिगाशी, तिथून काही दिसत नव्हतं म्हणून परत. एका डोळ्याने बघायचं, एका डोळ्याने नाही. पण जे दिसलं ते दिसलं. पोरगी मागून सुरू झाली आणि पहिल्याच वळणात दोघांच्या आतून निघाली, सुई टाक्यातून निघते तशी. गाडी मागून नाचत होती त्या मेल्या ऍक्सलमुळे, पण आता नाचायच्या आधीच तिला कळत होतं. खांदा इकडे, हात तिकडे, धरून ठेवत होती. थोरला आकडे पुटपुटत होता. वरच्या सहांत आली तर कालचे गुण धरून ती अंतिम शर्यतीत, त्याने मला सांगून ठेवलं होतं.

“दहावी,” तो म्हणाला. आणि मग, “आठवी.” आणि मग, बऱ्याच वेळाने, “सातवी.”

“अजून किती?”

“दोन फेऱ्या. आई, माझा हात सोड, रक्त थांबलंय.”

पुढे होता दंतवैद्याचाच पोरगा. शेवटच्या वळणात ती त्याच्या बाजूला गेली. चाकाला चाक. एक क्षण पुढे होती, देवाशपथ पुढे होती. मग मागचं टोक हललं, तिने सावरलं, आणि सावरायला जेवढं लागतं तेवढ्यात तो निघून गेला.

सातवी.

शर्यतीनंतर गाड्या वजनकाट्यावर घेतात, तोवर घरच्यांना आत सोडत नाहीत. मी बाहेर उभी. मला माझ्या सवयीप्रमाणे कुणीतरी हवं होतं. झेंडावाला, टायरवाला, फाटकावरची बाई. ती बाई तर मला बघून आधीच दोन पावलं मागे सरकली. 

दंतवैद्य आला. त्याचा पोरगा अंतिम शर्यतीत गेला होता आणि त्याला आनंद कुठे लपवावा कळत नव्हतं. “मावशी,” तो म्हणाला, “नशीब हो. एका नंबराने...”

“नशिबाला कशाला मध्ये घेता, डॉक्टर? नशिबाने काय फोम चिकटवला होता?” आसपास चार लोक होते. त्यांनाही ऐकू जावं म्हणून मी आवाज खाली आणला नाही. “मी चिकटवला. आणि तुमच्या हत्याराने निघाला. जा, पोराचं इंजिन बघा, गरम झालं असेल.”

भिंगरी काट्यावरून आली. हेल्मेट काखेत. मला बघून थांबली. मी काहीच बोलत नव्हते. तिने वाट बघितली, मग जवळ आली.

“आई, बोल ना काहीतरी.”

“काय बोलू?”

“कुणाला तरी ओरड. तू गप्प बसलीस की भीती वाटते.”

मी तिच्या जाकिटाचा पट्टा सोडला. एक बक्कल निघता निघेना. दुसरं सोडलं तशी ती माझ्या खांद्यावर कलली, घामेजलेलं डोकं माझ्या गळ्याशी, आणि म्हणाली, “आई, दुखतंय.” आणि मग रडली. लहान पोरं रडतात तशी, मोठ्याने, सगळ्यांच्या देखत. “खूप दुखतंय. कालपण दुखत होतं. आणि मी सातवी आले.”

“हो गं,” मी म्हटलं. “हो गं माझे बाई.” ती बोलत राहिली, काय दुखतं, कधीपासून दुखतं, कुठल्या वळणाला जास्त, आणि मी नुसती ऐकत राहिले. एवढा वेळ मी कधी ऐकलं असेल, मला आठवत नाही.

अंतिम शर्यत आम्ही जाळीबाहेरून बघितली. तिला बघायची होती. नाक तारेला लावून उभी राहिली, पण या वेळी तोंड चालू होतं. कोण कुठे चुकला, कुणाचं टोक सुटतंय. दंतवैद्याच्या पोराला हातवारे करून सांगत होती, तो काही बघत नव्हता. थोरला तिच्या शेजारी उभा राहून हो हो करत होता.

सामान भरताना मी म्हटलं, “पुढच्या वर्षी मोठी गाडी, मोठी सीट. मी हात लावणार नाही.”

“हात लाव,” भिंगरी म्हणाली. “पण विचारून लाव.”

“मला विचारायला सांगतेस? माझ्या दुकानात?”

“हो.”

थोरला गाडीच्या मागे वाकून उगाचच दोरी बांधत होता. त्याच्या पाठीवरून कळत होतं, हसतोय.

“हसतोस काय? ऍक्सल घेतलेस का सगळे? एखादा राहिला तर परत येणार नाही मी.”

व्हॅनमध्ये ती मध्ये बसायची, पण आज खिडकीशी बसली. रस्ता खराब होता, दर खड्ड्याला तिचं अंग दाराच्या पत्र्यावर जायचं आणि ती दात आवळायची. मी पायाशी पडलेला फोमाचा तुकडा उचलला. अर्धा फाटलेला, एका बाजूला काळा चिकट. हात पुढे केला आणि तसाच थांबवला.

“लावू?”

तिने बघितलं. मग सदरा सावरून हात वर केला. मी तुकडा दार आणि बरगडीच्या मध्ये सरकवला. पुढचा खड्डा आला. आम्ही दोघींनी श्वास धरला.

“कसं आहे?”

ती डोळे मिटून डोकं काचेला टेकत होती. “मऊ,” म्हणाली.

थोरला फिसकन हसला.

“रस्त्याकडे बघ,” मी म्हटलं.